बिनकडीची खिडकी

वडिलांच्या हातातल्या केळीच्या पानावरचा भात निवत चालला होता. बापलेक बंद खिडकीशी उभे होते. काचेपलीकडे कावळा येऊन बसला होता. आज वडिलांच्या पत्नीचे वर्षश्राद्ध, आणि वास्तुविशारद लेकाने आखलेल्या या इमारतीत एकही खिडकी उघडत नव्हती.

"उघडी खिडकी म्हणजे वाया गेलेली वीज, बाबा," मुलगा म्हणाला.

"मग गच्चीवर ठेवू."

"गच्ची सौरपट्ट्यांनी भरलीय. खाली नुसता वाहनतळ."

कावळ्याने काचेवर दोनदा चोच मारली नि तो उडून गेला. वडिलांनी पान खाली ठेवले. आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवलेली ती आज उपाशीच परतली.

"उद्या मी असाच येईन, तेव्हा तरी उघडशील ना रे?"

मुलाने खिडकीच्या कडेवरून बोट फिरवले. कडी त्याने आखलीच नव्हती. मान खाली घालून तो आत निघून गेला.