मासळीच्या खणातली ठकठक

इंजिन बंद पडून बोट भरकटल्याला नववा दिवस होता. भर दुपारी मासळीच्या रिकाम्या खणातून ठकठक ऐकू आली. सकाळीच हिराजी आणि जोमाने त्यात हिराजीच्या धाकट्या भावाचं, काशिरामचं प्रेत ठेवलं होतं.

"उघडू नको," जोमा कुजबुजला. "आता तो तुझा भाऊ नाय ऱ्हायला."

पुन्हा ठकठक झाली. हिराजी इतका थकला होता, की त्याला धड भीतीही वाटेना. "कोण का असंना," म्हणत तो सरपटत गेला आणि त्याने खणावरची फळी सरकवली.

उजेडाने काशिरामचे डोळे किलकिले झाले. तो जिवंत होता.

"दादूस, पानी दे."

हिराजीने जोमाकडे पाहिलं. जोमाने मान फिरवली. काशिरामच्या वाटणीचे शेवटचे दोन घोट त्याला खणात ठेवल्याबरोबर दोघांनी पिऊन टाकले होते.