बारा वर्षं जगवलेला राक्षस

"अहो, हाणा की त्याला!" बायको सोफ्यावर चढून ओरडली.

आमच्या लाडक्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग येतोय, ही बातमी सकाळीच आली. पण कंपनीची अट अशी: पहिल्या भागातला राक्षस आज संध्याकाळी सहाच्या आत मारला, तरच खेळातला आपला जुना घोडा नव्या भागात नेता येणार. मी तर राक्षसाला बारा वर्षं मुद्दाम जिवंत ठेवलेला. तो मेला की खेळ संपला, मग पेन्शनरानं करायचं काय?

सहा वाजायला दोन मिनिटं होती. राक्षस एका घावाचा सोबती होता, आणि मीही. घामानं कंट्रोलर माशासारखा निसटला.

तिनं तो हवेतच झेलून तीन बटणांत राक्षस आडवा केला.

"तुला गं कसं जमलं?"

"दुपारी तुम्ही घोरता तेव्हा रोजच मारते. सेव्ह तेवढं करत नाही; तुम्हाला तो हवा असतो ना!"