तडकलेला माल

ओलं बोट टेकवणार, तोच भट्टीवाल्या काकांना सकाळी स्वतःलाच घातलेली शपथ आठवली. आज नाही. आज अजिबात नाही.

समोरच्या ट्रेमध्ये मॅकरॉनच्या, म्हणजे क्रीम भरलेल्या बदामी बिस्किटांच्या, गुलाबी चकत्या वाळत ठेवल्या होत्या. तासभरात त्यांच्यावर पातळ साय धरायची, मगच त्या भट्टीत जायच्या. साय मोडली की चकती तडकलीच. तडकलेला माल विकायचा नाही, तो भट्टीवाल्याचा, हा दुकानाचा शिरस्ता. म्हणून काका रोज चार चकत्यांना ओलं बोट लावायचे आणि दोन-दोन चकत्यांमध्ये उरलंसुरलं क्रीम भरून चार वाजता दोन मॅकरॉन चहाबरोबर खायचे. वरून कुरकुरीत, आत लुसलुशीत. बायको गेल्यापासून त्यांच्या दिवसात गोड म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

मिश्रण फेटणाऱ्या नव्या पोरीचा मात्र जीव टांगणीला लागला होता. मालकीणबाईंच्या मते खोट तिच्या फेटण्यात होती. कालच त्यांनी बजावलं होतं, "उद्या एक जरी चकती तडकली, तर परवापासून येऊ नकोस." पोरीच्या पाठीवर तीन भावंडं, घरात कमावणारी ती एकटी. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. तरी सकाळी आल्या आल्या तिने पहिला चहा काकांनाच दिला होता.

बदामाचा वास नाकात शिरला. चारच तर चकत्या, काका मनाशी म्हणाले. बाई काय, नुसत्या बोलतात. बोट टेकलं.

बाई नुसत्या बोलत नव्हत्या. चार वाजता पोरगी एप्रनची गाठ सोडत होती आणि काका कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर डबा घेऊन पहिला मॅकरॉन चघळत होते.

"मिळेल गं दुसरीकडे काम," ते भरल्या तोंडाने म्हणाले.

पोरीने एप्रनची घडी घालून फळीवर ठेवली. आवाज चढवला नाही.

"काका, तुमचं बोट मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. बाईंना सांगितलं असतं, तर या वयात तुम्हाला कोणी कामावर ठेवलं असतं का? वाटलं, आज एक दिवस तरी राहाल मॅकरॉनशिवाय."

शरमेने काकांची मान खाली गेली. डब्यात दुसरा होता. ती दाराबाहेर पडायच्या आत त्यांनी तो तोंडात टाकला.