गावची वाट

छिंगमिंगच्या पितृसणाला मलेशियातल्या इपोहच्या डोंगराखाली पितरांसाठी कागदी वस्तू जाळताना आजीची कुरकुर चालूच होती. "दरवर्षी याला घर पाठवते, गावी जायचं तिकीट पाठवते, तरी म्हातारा पोचत नाही. स्वप्नात येतो तो ओलाचिंब! कुठं भरकटतो कोण जाणे."

आजोबांच्या थडग्यावर नाव कोरलेलं त्यांचं चीनमधलं मूळ गाव नातीला, सिऊ फुंगला, एका जुन्या गॅझेटियरमध्ये सापडलं होतं. नव्या नकाशावर त्या जागी धरणाचं निळं पाणी होतं. तिनं नकाशा आजीपुढे धरला.

"आजोबा वाट चुकले नाहीत, आजी. ते पोचतात."

आजी त्या निळ्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं कागदी घर बाजूला सारलं.

"या नकाशाची होडी करता येईल का गं?"