लोकरीचा जोड

कोल्ड स्टोरेजमध्ये गोठवलेल्या मटाराची खोकी रचणाऱ्या मावशींनी लोकरीच्या मोज्यांसाठी वर्षभर तोंडाची वाफ दवडली होती. "सुतीच घाला, एकावर एक दोन," असं म्हणून सुपरवायझर दरवेळी त्यांना वाटेला लावायचा. घामाने ओले झालेले ते मोजे पायातच गारठायचे. शेवटी डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आणि डॉक्टरांनी ती काढून टाकली.

मावशी लंगडत कामावर परतल्या, त्याच आठवड्यात कंपनीने व्याख्यान ठेवलं. कोणत्या कामाला, कोणत्या हवेत कोणते मोजे घालावेत, हे एक बाई पडद्यावर चित्रं दाखवून समजावत होत्या. "थंडीत सुती मोजे म्हणजे पायांशी वैर," त्या म्हणाल्या. मावशींनी सुपरवायझरकडे पाहिलं. तो मान डोलावत होता.

मग त्याने माइक हातात घेतला. "पायांची हेळसांड केली की काय होतं, ते आपल्या मावशींकडे बघा. या हो मावशी, लाजू नका."

मावशींच्या ओठांवर बरंच काही आलं. पण त्यांच्या नोकरीचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता. त्या व्यासपीठावर चढल्या. मोठ्या साहेबांनी त्यांच्या हातात लोकरीच्या मोज्यांचा कोरा करकरीत जोड ठेवला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. त्या मऊ लोकरीवरून मावशी अंगठा फिरवत होत्या, तेवढ्यात सुपरवायझर त्यांच्या कानाशी वाकला.

"आणा ते इकडे. दुसऱ्या पाळीसमोर पुन्हा द्यायचेत तुम्हाला."