उन्हाळी सफरीचा बेत

मुंबईच्या बंदरात नोकरीला असलेल्या रंगरावांच्या मेहुण्याने एक छोटी मोटरबोट घेतली आणि बहीण-भाऊजींना किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत फिरायला बोलावले. जळगाव जामोदकडच्या खारपाण पट्ट्यात, जिथे गावातली एकही विहीर गोड्या पाण्याची नाही, तिथे बसून रंगरावांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेतकी पत्रकाच्या पाठीवर पंधरा दिवस खपून कधीही न पाहिलेला समुद्र आखला. उत्तर आजच्या टपालाने जायचे होते. अडले होते फक्त पत्नी मंजुळाबाईंच्या होकारापाशी. त्या कोसभरावरून पाण्याची तिसरी खेप घेऊन दारात आल्या, तशी रंगरावांनी बरोबर न्यायच्या सामानाची यादी वाचायला घेतली.

"समुद्राचं पाणी खारं. तोंडात धरवत नाई. म्हून पेवाचं गोडं पाणी संगं न्या लागते. जपून जपून वापराचं."

"म्हंजे सबन खाऱ्या पाण्यातून आपण गोडं पाणी वाहात फिराचं?"

"हाव! तेच तं सांगून राह्यलो तुले."

मंजुळाबाईंनी डोक्यावरची घागर उतरवली, ओली चुंबळ झटकली.

"लगन झाल्यापासून मी तेच करून राह्यली. माह्या भावाले लिहा, बोट राहू दे तुह्यापाशी, मोटर तेवढी इकडं धाडून दे."