कच्चा लिंबू

"कुंदाताई, सावकाश पळा हो, तुम्ही कच्चा लिंबू," म्हणत रेवतीने चेंडू हळूच गडगडत सोडला. गुडघा दुखावल्यापासून कॉलनीतल्या बायका त्यांना अशाच खेळवत. डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली, तरी त्यांना कुणी बाद करत नव्हतं.

कुंदाताईंनी चेंडूला लाथ मारली आणि त्या बेस म्हणून ठेवलेल्या चपलेकडे धावल्या. चेंडू त्यांच्या धाकट्या जावेच्या हाती लागला. तिने नेम धरून तो थेट त्यांच्या पाठीत मारला.

"अगं, त्या कच्चा लिंबू आहेत ना?" रेवती म्हणाली.

"कसला कच्चा? पळताना बघितलं नाहीस? वहिनी, आऊट."

कुंदाताई पाठ चोळत, हसत बाद झालेल्यांच्या ओळीत जाऊन बसल्या. "आता तिची पाळी येऊ दे," त्या शेजारणीला म्हणाल्या. "चेंडू माझ्याकडेच टाक."